गोड्या पाण्याने धुतलेला आल्तार

आमची इगर्ज कोणत्या साली बांधली हे मी इथे लिहिणार नाही, कारण ते मला माहीत नाही, आणि ज्यांना ते माहीत आहे असं वाटायचं त्यांचं आपसात कधी जमलं नाही. चर्चला आम्ही इगर्ज म्हणायचो. मोठ्या दरवाजावरच्या जांभ्या दगडात साल कोरलेलं होतं, पण जांभा आणि आमच्याकडचा पाऊस यांचं काय होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पहिले दोन आकडे लागत. पुढचे दोन बघणाऱ्याला हवे तसे दिसत. इगर्जीत व्हायोलिन वाजवणारे पेद्रूकाका ते एक वाचायचे, माझे वडील दुसरं. मी शाळेत आकडे शिकले तेव्हा एकदा शिडी लावून त्या दगडावर कागद धरला आणि कोळसा घासला. कागद काळा झाला, साल मिळालं नाही. तेव्हापासून ज्याचा आकडा हाताला लागत नाही तो लिहायचा नाही, ही सवय मला लागली. पुढे मुलींना गणित शिकवताना ती उपयोगी पडली, आणि संसारातही पडली.

रत्नागिरी शहरापासून थोडी बाजूला, खाडीच्या काठी आमची वाडी होती. किरिस्तावांची वीसेक घरं. मागच्या पिढ्यांत गोव्याकडून आलेली. बोलणं रत्नागिरीचं, प्रार्थना कोकणीत, आणि भांडण ज्या भाषेत आधी सुचेल त्या भाषेत. पुरुष बहुतेक मुंबईच्या आगबोटींवर नाहीतर गोदीत, त्यामुळे वाडीत बायका, म्हातारे आणि पोरंच जास्त दिसायची. माझे वडील, ज्यांना आम्ही पापा म्हणायचो आणि सगळी खाडी कायतान मेस्त्री म्हणायची, ते मात्र घरीच असत. ते होड्या आणि मचवे बांधत, जुने दुरुस्त करत. आमच्या अंगणाच्या खाली, भरतीचं पाणी जिथवर येई तिथे, एक ना एक मचवा कायम आडवा पडलेला असे. सकाळी मी जागी व्हायची ती वाकसाच्या आवाजाने. वाकसाने लाकूड तासताना एक कोरडा, सारखा ठोका येतो. तो थांबला की माय चुलीपासून उठून बाहेर बघायची, कारण पापा थांबले म्हणजे काहीतरी चुकलं किंवा कोणीतरी आलं. मग उकड्या तांदळाची पेज, तिच्यात चमचाभर खोबरं, बाजूला भाजलेला सुका बांगडा. पापा हात न धुता पेज प्यायला बसले की माय म्हणायची, "मेस्त्री, लाकूड पोटात जाईल." पापा म्हणायचे, "जाऊ दे गो. सागाचं हाय." हा संवाद मी किती वेळा ऐकला असेल याचा हिशेब नाही, आणि दोघांपैकी कोणालाही त्याचा कंटाळा आलेला मी पाहिला नाही.

पापांना लाकडाबद्दल जे कळे ते शब्दांत सांगता येत नसे. ते फळीवर बोटाच्या पेराने टकटक करत, मान तिरकी करून ऐकत, आणि मग ती फळी चार पावसाळे काढील की दोन ते सांगत. बंदरावरचे तांडेल त्यांना मानत. होडी पाण्यातून वर काढली की त्यांचा पहिला हुकूम ठरलेला असे: आधी गोड्या पाण्याने धुवा. समुद्रातल्या लाकडात खार बसतो, खार ओल धरतो, ओल लाकूड खाते. म्हणून आधी विहिरीच्या पाण्याने काथ्या घेऊन घासायचं, उन्हात वाळू द्यायचं, आणि मग मुशी माशाच्या तेलात राळ कढवून ते गरम गरम चोपडायचं. त्या तेलाचा वास आमच्या घराला, कपड्यांना आणि माझ्या केसांनाही होता. शाळेत मुली माझ्या बाकावर बसायला नाखूश असत. मला त्याचं वाईट वाटत नसे, कारण तो पापांच्या कामाचा वास होता.

आता आल्ताराबद्दल. मिस्सेची, म्हणजे इगर्जीतल्या उपासनेची, वेदी दगडी आणि साधी होती. तिच्यामागे भिंतभर उभं असलेलं जे कोरीव लाकडी काम होतं, त्याला आम्ही आल्तार म्हणायचो. माणसाच्या तिप्पट उंचीचा तरी तो असावा. दोन्ही बाजूंना पिळाचे खांब, त्यांच्यावर चढलेल्या द्राक्षाच्या वेली, मध्ये कोनाड्यात सायबीण, म्हणजे आमची देवमाता, हातात बाळ घेऊन. वर ढग, ढगांत देवदूत, आणि सगळ्यांच्या वर पंख पसरलेलं कबूतर. हे सगळं सोन्याच्या वर्खाने मढवलेलं. देवदूतांचे गाल गुलाबी, ओठ लाल, डोळे काळेभोर रंगवलेले. ज्याने ते कोरलं त्याने द्राक्षं बहुधा कधी पाहिली नसावीत, कारण वेलीवरचे घोस करवंदांच्या घोसांसारखे होते आणि पानं थेट तोंडल्याची. खालच्या बाजूला दोन सिंह होते, तेही न पाहता केलेले. त्यांची तोंडं आमच्या घरच्या बोक्यासारखी होती. डावीकडच्या एका देवदूताच्या कानाच्या पाळीला भोक होतं. कारागीर हिंदू असणार आणि घरातल्या मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून त्याने तो कोरला असणार, असं माय म्हणायची. ते मला अजूनही पटतं. खिडक्यांना काचा नव्हत्या, घासून पातळ केलेले शिंपले चौकटीत बसवलेले होते. त्यांतून येणारा उजेड दुधासारखा असे. सकाळच्या मिस्सेला तो आल्तारावर पडला की सोनं झगमगत नसे, ते आतून ऊबदार झाल्यासारखं दिसे. मी मोठी झाल्यावर मुंबईत आणि गोव्यात याहून मोठे आल्तार पाहिले. कारागिरीने ते नक्कीच सरस होते. पण तो उजेड मला कुठे मिळाला नाही.

आल्तार आला कसा याची एक गोष्ट आमच्या घरात होती आणि ती आम्ही अभिमानाने सांगत असू. पापांचा पूर्वज, पणजोबा की खापरपणजोबा यावर पेद्रूकाकांशी वाद होता, तो बतेल्यावर, म्हणजे शिडाच्या मोठ्या गलबतावर, सुतार होता. आल्तार गोव्यात तुकड्यांनी तयार झाला आणि त्या बतेल्यातून निघाला. पूर्णगडच्या समोर वारा फिरला, बतेल्यात पाणी शिरलं. आमच्या त्या पूर्वजाने खांब आणि देवदूत एकेक करून किनाऱ्यावर काढले, वाळूत ओळीने मांडून ठेवले, आणि माडाच्या झावळ्यांनी झाकले. पूर्णगडच्या कोळ्यांनी सकाळी झावळी उचलून पाहिली तर खाली ओळीने पोरं झोपलेली. म्हणून त्यांनी आधी पेज आणली, असं पापा हसत सांगायचे. बतेला दुरुस्त झाला आणि आल्तार रत्नागिरीला पोचला. आल्तार समुद्राचं पाणी प्यालेला आहे आणि आमच्या माणसाने तो वाचवलेला आहे, या दोन गोष्टी आमच्या घरात कोणी कधी तपासल्या नाहीत.

त्या वर्षी पावसाळा संपल्यावर फादर मिंगेल आमच्याकडे आले. वयाने तरुण, मुंबईच्या बाजूचे, चालणं झपझप, आवाज मृदू. त्यांच्याकडे आमच्याखेरीज खालची बरीच गावं होती, त्यामुळे महिन्यातले थोडेच दिवस ते आमच्या वाट्याला येत. आल्यानंतरच्या दुसऱ्याच मिस्सेला त्यांच्या लक्षात आलं की वेदीवरच्या पांढऱ्या कापडावर आल्तारातून बारीक पांढरी पूड पडते. त्यांनी ती बोटाने गोळा केली, खांबाला हात लावला, आणि रविवारी सगळ्यांसमोर सांगितलं की आल्ताराला वाळवी लागली आहे. कधीतरी तो कोणाच्या तरी अंगावर पडेल. मुंबईतले एक भाविक गृहस्थ नवा आल्तार द्यायला तयार आहेत, गुळगुळीत, संगमरवरासारखा दिसणारा. तो आगबोटीने येईल. जुना उतरवावा लागेल.

बाहेर पायरीवर बायका बोलत राहिल्या. कोणी रडलं, कोणी म्हणालं की बरंच झालं, त्या सिंहांकडे बघून पोरं मिस्सेत हसतात. पापा मात्र आतच थांबले. मी त्यांच्याबरोबर होते. त्यांनी फादरांना विचारलं, "तुम्ही वाळवी बघितलात काय, फादर?"

फादर म्हणाले, "पूड बघितली, मेस्त्री."

"पूड पडते म्हणून वाळवी होत नाय. लाकूड शाबूत हाय."

"कशावरून?"

पापांनी खांबावर टकटक केलं, इकडे एकदा, तिकडे एकदा. फादरांनाही कान लावायला सांगितलं. फादरांनी खरोखरच लावला. चेष्टा केली नाही, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते. मग ते म्हणाले की मला यातलं कळत नाही, पण माणसांच्या जिवाची जबाबदारी माझ्यावर आहे. शेवटी त्यांनी सायबिणीकडे बघून शब्द दिला: "फेस्ताच्या आधी मी स्वतः आल्तार हलवून बघेन. हलला नाही, आणि एक कण खाली पडला नाही, तर तो राहील. नाहीतर जाईल."

"राहील," पापा म्हणाले. फेस्त म्हणजे सायबिणीचा वार्षिक सण. तो नाताळानंतर यायचा.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय उरला नाही. पापा मचव्याचं काम अर्धवट टाकून इगर्जीत जात आणि आल्तारासमोर बसून राहत. एकदा त्यांनी ती पूड बोटावर घेतली आणि जिभेला लावली. घरी येऊन मायला म्हणाले, "खार हाय गो. पूर्णगडचा खार. इतकी वर्सं आत बसून ऱ्हायला, आता बाहेर येतो हाय." माय म्हणाली की खाडीवरच्या वाऱ्याने आपल्या खिडकीच्या गजालाही खारट चव येते, मग गजही पूर्णगडला बुडाला होता काय. पापा चिडले नाहीत. त्यांना मनापासून आनंद झालेला होता. ज्या दुखण्यावर त्यांच्याकडे औषध होतं तेच दुखणं निघालं होतं. समुद्राने खारवलेलं लाकूड बरं करणं हे त्यांचं रोजचं काम होतं. त्यांच्या वडिलांचं आणि आजोबांचंही.

नोव्हेना, म्हणजे फेस्ताआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होण्यापूर्वी फादर खालच्या गावांना गेले. आल्तार साफ करतो, एवढं पापांनी त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांनी होकार दिला होता. साफ करणं म्हणजे काय, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. आमच्या इगर्जीत एक जुना रिवाज होता. फेस्ताच्या आदल्या दिवशी प्रत्येक घराने आपल्या विहिरीचं पाणी आणायचं, ते एका मोठ्या हंड्यात एकत्र करायचं, आणि त्या पाण्याने इगर्जीची पायरी धुवायची. कोणाचा कोणाशी अबोला असला तरी पाणी एकत्र व्हायचं. पापांनी ठरवलं की या वर्षी ते पाणी आधीच, नोव्हेनापूर्वी, गोळा करून आल्ताराला द्यायचं. सगळ्यांना ते इतकं पटलं की त्या दिवशी घरी कोणी थांबलं नाही. आमच्या शेजारच्या साबीनमावशी, ज्यांचे गुडघे दुखत म्हणून त्या मिस्सेलाही मागे खुर्ची घेऊन बसत, त्यासुद्धा कळशी घेऊन आल्या.

सायबिणीची मूर्ती आधीच काढून बाजूच्या खोलीत, कापडात गुंडाळून ठेवली होती. पापांनी शिड्या लावल्या. खाली बायकांनी नारळाच्या काथ्याचे बोळे घेतले. पेद्रूकाका व्हायोलिन घेऊन बसले आणि लादाईन सुरू झाली. एका बाजूने ओळ म्हणायची, दुसऱ्या बाजूने "आमच्यासाठी विनंती कर" म्हणायचं, अशी ती लांब चालणारी प्रार्थना. तिच्या तालावर हात चालू लागले. पहिल्यांदा काळं पाणी आलं. कितीतरी वर्षांच्या मेणबत्त्यांची काजळी ती. तिच्याखालून सोनं बाहेर आलं, ओलं, लखलखीत, आमच्यापैकी कोणीही जन्मात न पाहिलेलं. गाणं थांबलं. साबीनमावशी तोंडावर पदर धरून बघत राहिल्या. पापा शिडीवरून खाली बघून म्हणाले, "बघा. आतून जिवंत हाय." त्यांचा चेहरा मला आठवतो. आयुष्यात तेवढा आनंदी तो मी पुन्हा पाहिला नाही. तो थोडा वेळच टिकला, पण टिकला, आणि त्या वेळापुरते ते बरोबर होते असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

मग बायकांनी जोराने घासायला घेतलं. खालच्या खांबाशी माय होती, तिच्याशेजारी मी, पलीकडे साबीनमावशी. मावशींच्या कळशीतलं पाणी चमकायला लागलं. त्यांनी आत हात घातला आणि बाहेर काढला तर बोटं सोन्याची. "सायबिणीनं पाण्यात उजेड घातला गो," त्या हळूच म्हणाल्या. कोणीतरी आपलं पोर पुढे केलं आणि मावशींनी त्याच्या कपाळाला बोट लावलं. मग दुसरं पोर आलं. मग बायकांनी स्वतःच्या कपाळाला लावलं. आम्ही तो चमत्कार समजून रांगेने घेतला. माझ्याही कपाळाला लागला होता. आजही कोणी चमत्काराची गोष्ट सांगितली की मी वाद घालत नाही, ऐकून घेते, आणि मनात ती कळशी येते.

खांब लाल दिसायला लागला तेव्हा मायने हात थांबवला. सोन्याखाली तांबडी माती होती, आमच्या कातळावरच्या मातीसारखी, आणि तिच्याखाली पांढरं काहीतरी, जे बोटाखाली भिजलेल्या पिठासारखं सरकत होतं. तिने पापांना हाक मारली. पापा वर देवदूतांपाशी होते. ज्याच्या कानाला भोक होतं त्याच देवदूताचा गाल त्यांच्या हातातल्या फडक्यावर आला होता, डोळ्यासकट. ते फडक्याकडे बघत शिडीवर उभे राहिले. माय खाली, ते वर, आणि मध्ये गाणाऱ्या बायका, ज्यांना अजून काही कळलं नव्हतं.

"हात काढा," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. पुढच्या बायकांनी हात काढले, मागच्यांची ओळ थोडी पुढे गेली आणि मग तीही थांबली.

पेद्रूकाकांनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं. त्यांचं आणि पापांचं सालावरून, पूर्वजांवरून, सगळ्यावरून वाजलेलं होतं. ते उठून जवळ आले, खांब बघितला आणि म्हणाले, "होडी बरी धुतलंस, कायतान." कोणी हसलं नाही. तेही नाही. मला वाटतं, बोलून झाल्यावर त्यांना ते परत घ्यायचं होतं, कारण पापा खाली उतरताना शिडी त्यांनीच धरली.

जे राहिलं होतं ते वाळल्यावर तरी टिकेल, अशी दोन दिवस आशा होती. ती खोटी ठरली. ओल आत गेली होती. वाळताना वर्ख कांद्याच्या सालीसारखा फुगला आणि वाऱ्याने पडायला लागला. वेदीवर, जमिनीवर, खिडकीच्या शिंपल्यांवर सोन्याचे पापुद्रे. बायका ते झाडूने गोळा करायला धजत नव्हत्या. फादरांची अट एका कणाची होती, आणि आता कण सोडाच, पापुद्रे पडत होते. पापा दोन दिवस जेवले नाहीत म्हणजे अगदीच नाहीत असं नाही, पेज पीत होते, पण मायने लाकडाबद्दल काही म्हटलं नाही आणि त्यांनीही नाही. तिसऱ्या दिवशी ते वाकस, पटाशी आणि खरवडण्याची पाती घेऊन इगर्जीत गेले. जे उरलं होतं ते सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने खरवडून काढलं. ढग, वेली, सिंह, कबूतर, सगळं. मायने विचारलं, का. वरच्या भागातलं तरी राहू द्यायचं होतं. ते म्हणाले, "अर्धी कातडी काढलेलं जनावर बघितलंस कधी? पुरी काढलेलं बघवतं." मग त्यांनी मुशीचं तेल आणि राळ कढवली आणि आल्ताराला चोपडली, मचव्याला चोपडतात तशी, एकावर एक हात देऊन.

नोव्हेनाच्या पहिल्या संध्याकाळी फादर परत आले. दरवाजातच त्यांना तेलाचा वास आला असणार. ते आत आले आणि मधल्या वाटेवर थांबले. समोर तपकिरी, तेलकट, उघडं लाकूड. देवदूतांना डोळे नव्हते. आम्ही बाकांवर बसलेलो होतो, कोणी उठलं नाही.  फादरांनी झगा सावरला, ते आल्तारापर्यंत गेले, दोन्ही हातांनी खांब धरला आणि सगळा जोर लावून हलवला. मग दुसरा. मग वेदीवरच्या पांढऱ्या कापडावर वाकून बघितलं. कापड स्वच्छ होतं.

पापा पुढे गेले. हात जोडलेले नव्हते, बाजूला लोंबत होते. ते म्हणाले, "फादर, मुंबईचा आल्तार मागवा."

फादर वळले. "का?"

"हा काढा. मी स्वतः काढतो. तुम्ही म्हणाल तिथे नेऊन जाळतो."

"लाकूड शाबूत आहे, मेस्त्री."

"हाय. पण—"

"तुम्ही तेच म्हणाला होता. मी म्हणालो होतो की शाबूत असेल तर राहील. मी शब्द दिला होता."

"मी तुम्हाला शब्दातून सोडतो," पापा म्हणाले.

"मी तो तुम्हाला एकट्याला दिला नव्हता," फादर म्हणाले, आणि प्रार्थनेचं पुस्तक उघडलं.

तो राग होता की दया होती, हे मी आजतागायत ठरवू शकलेले नाही. मुंबईच्या त्या गृहस्थांना त्यांनी नको कळवलं एवढं खरं. पुढे ते आमच्याकडे बरीच वर्षं होते आणि या विषयावर पापांशी एक अक्षर बोलले नाहीत. पापांच्या आजारपणात ते आमच्या ओटीवर येऊन बसत, त्यांची होड्यांची बडबड ऐकत. मी एकदा धीर करून विचारणार होते. मग वाटलं, उत्तर दोन्हींपैकी कोणतंही आलं तरी ते पापांना सांगता येणार नाही. राहून गेलं.

फेस्त झालं. मायने नेवऱ्या केल्या, सान्नां वाफवली, डुकराच्या मटणाला व्हिनेगर जरा जास्तच पडलं. मुंबईहून आलेले पुरुष आत गेले आणि गोंधळून बाहेर आले. ज्याने त्याने आपल्या बायकोला विचारलं, बायकांनी खाली बघून सांगितलं. पापांना कोणीही दोष दिला नाही, कारण प्रत्येक घराचं पाणी त्यात होतं. पापांना तेच सोसवेना, असं मला वाटतं. कोणी भांडलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं. ते मिस्सेला येत राहिले, पण पुढच्या बाकावरची त्यांची जागा त्यांनी सोडली आणि दरवाजाच्या आत, खांबाच्या आडोशाला उभं राहायला लागले, जिथून आल्तार दिसत नाही. मढवलेल्या आल्ताराला काही करावं लागत नसे. उघड्या लाकडाला दर वर्षी तेल लागतं. ते तेल दर वर्षी तेच द्यायचे, इगर्ज रिकामी असताना, आणि ते झालं की आठवडाभर कोणाशी फारसं बोलत नसत.

त्या पांढऱ्या पुडीबद्दल मला पुष्कळ उशिरा कळलं. गोव्यात एका इगर्जीची डागडुजी चालू असताना मी तिथे होते, तेव्हा वर्खाखाली खडू आणि सरस यांचा लेप कसा देतात ते तिथल्या माणसाने सहज बोलता बोलता दाखवलं. पाण्याने तो लेप लागतो आणि पाण्यानेच सुटतो. आमची पूड म्हणजे वाऱ्यापावसाने म्हातारा झालेला तोच खडू. वाळवी नव्हती, पूर्णगडचा खारही नव्हता. मी तिथेच एका बाकावर बसले आणि मनात सरळ हिशेब मांडला. आल्तार खरोखर पूर्णगडला समुद्रात भिजला असता, तर त्याचं सोनं तेव्हाच गेलं असतं. म्हणजे एकतर तो कधी भिजला नाही, किंवा सोनं इथे आल्यावर चढवलं. दोन्हींपैकी काहीही असो, सोन्याने कधी पाणी पाहिलेलं नव्हतं. आमच्या घरच्या गोष्टीतच ते लिहिलेलं होतं. पापांनी ती मला किती वेळा सांगितली, मायने ऐकली, पेद्रूकाकांनी तिच्यातल्या पिढ्या मोजल्या, आणि एवढी साधी वजाबाकी कोणी केली नाही. तोवर पापा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते असते तर मी त्यांना सांगितलं असतं का? नसतं सांगितलं.

आता माझी पन्नाशी उलटली आहे. वर्षातून एकदा, फेस्ताला, मी घरातल्यांना घेऊन वाडीवर जाते. नव्या पिढीला तो आल्तार तसाच होता असं वाटतं, आणि मागच्या खेपेला मुंबईहून आलेल्या एका पाहुण्याने त्या साध्या लाकडाची फार स्तुती केली, असं जुनं, प्रामाणिक काम आता मिळत नाही म्हणाला. माझ्या सुनेने माझ्याकडे बघितलं. मी नेवऱ्यांचं ताट पुढे केलं. पापांचं काम आता वाडीतला दुसरा एक सुतार करतो, तेल देतो, सांधे बघतो. परवा त्याला मी विचारलं, लाकूड कसं आहे. त्याने बोटाच्या पेराने टकटक केलं, ऐकलं, आणि म्हणाला की अजून दोन पिढ्यांना मरण नाही. खांब कुठे हलत नाही, कापडावर काही पडत नाही. आल्ताराला वाळवी आजवर लागलेली नाही.